ज्ञानजालाच्या दाराशी फायरवॉलच का? एका सल्ल्याला उत्तर

गिगाबिटग्रस्त : शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या नॅशनल नॉलेज नेटवर्कची सेकंदाला १ गिगाबिटची जोडणी मिळालेल्या संस्थेने राउटरवर (डेटाला वाट दाखवणाऱ्या यंत्रावर) पैसे घालवू नयेत, २ गिगाबिट क्षमता छापलेली फायरवॉल (आत-बाहेर जाणारा डेटा तपासणारे यंत्र) दाराशी लावली की काम झाले, असा सल्ला काल या चर्चामंचावर एका सदस्याने दिला. वाचून राहवले नाही. तो छापील आकडा असंख्य लहान प्रवाहांची बेरीज असतो. संशोधकाचा प्रवाह मात्र एकच आणि मोठा असतो, आणि तो बहुधा फायरवॉलच्या एकाच प्रोसेसरच्या वाट्याला येतो. त्यातच यंत्राने टीसीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीतले विंडो स्केलिंग, म्हणजे पोचपावतीची वाट न पाहता किती डेटा पाठवायचा ती ‘खिडकी’ मोठी करण्याची सोय, मोडले, तर ६४ केबीच्या खिडकीतून, जाऊन येण्यास १५० मिलिसेकंद लागणाऱ्या परदेशी केंद्राकडून, सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट येतात. पूर्ण वेगाने सव्वादोन तासांत उतरणाऱ्या १ टेराबाइट डेटाला मग २६ दिवस लागतात. अमेरिकेतील ईएसनेट या संशोधन-जाळ्याने ‘सायन्स डीएमझेड’ची मांडणी केली ती याच कारणाने : मोठा डेटा राउटरवरच्या नियमांमधून जावा आणि फायरवॉलमागे उरलेली संस्था असावी.

संगणककक्ष : तो सल्ला माझाच होता. मोठा डेटा इतरांचा : मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेमध्ये सीएमएस या कणभौतिकीच्या प्रयोगाचे केंद्र आहे, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला तीस अँटेना आहेत. आमच्याकडे परीक्षेचे अर्ज भरणारी मुले आणि मी एकटा आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग (यंत्रांतील घडामोडींच्या नोंदी) ठेवावे लागतात आणि घुसखोरी झाली तर सहा तासांत कळवावे लागते. त्या रात्री प्राचार्य दूरध्वनी मला करतील, ईएसनेटला नव्हे.

निविदापीडित : आपण दोघेही हवेत भांडत आहात, कारण शेवटी एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा पुरवठादार, देईल तेच दाराशी लागते. आमच्या निविदेत ‘एसएफपीसह’ (एसएफपी म्हणजे यंत्राला फायबर जोडणारा छोटा भाग) एवढेच लिहिले होते. फायबर सिंगल-मोड प्रकारचे होते आणि पेटीतून निघाले त्याला न जुळणारे मल्टी-मोडचे एसएफपी. ‘एसएफपी दिले आहे’ या पुरवठादाराच्या उत्तरावर चार महिने पत्रव्यवहार चालला आणि तोवर यंत्राची हमी कपाटात संपत राहिली.

गिगाबिटग्रस्त : हा दोष एल-वनचा नसून निविदा लिहिणाऱ्याचा आहे. ‘१३१० नॅनोमीटर, सिंगल-मोड, १० किलोमीटर’ हे शब्द लिहायला कोणी मनाई केली होती?

निविदापीडित : लिहिणारा मीच होतो, समाधान झाले का? आता आपला शहाणपणा ऐका. पुढच्या वेळी फायरवॉल घेताना मी ‘सर्व तपासण्या चालू असताना एका प्रवाहाचा वेग सिद्ध करावा’ अशी अट घातली. लेखापरीक्षकांनी सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला सरकारी खरेदीचा नियम १४४ दाखवला : अनावश्यक वैशिष्ट्ये नकोत. कोणत्याही विक्रेत्याची तक्रार नसताना! अट वगळलेल्या निविदेवर मी सही नाकारली असती, तर निधी ३१ मार्चला परत गेला असता.

संगणककक्ष : आणि तीन वर्षांनी त्या फायरवॉलच्या परवान्याचे नूतनीकरण कोणत्या लेखाशीर्षातून करायचे, हेही नियम १४४ सांगत नाही. आमची सध्याची पेटी परवाना संपल्यापासून शोभेची आहे.

गिगाबिटग्रस्त : म्हणजे लॉग आणि तपासणी यांच्या नावाने घेतलेली पेटी आज नेमकी तपासणीच करत नाही. आभारी आहे, माझा मुद्दा आपणच मांडलात.

संगणककक्ष : टोमणा पोचला. मान्य करतो, भौतिकशास्त्र विभागाचा एक सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (जाळ्याच्या स्वतंत्र भागात) घालून राउटरवरून सरळ बाहेर काढता येईल; बाकी दीड हजार मुले फायरवॉलमागेच राहतील. मात्र त्या सर्व्हरच्या प्रवाहांच्या नोंदी राउटरवरून गोळा करून १८० दिवस साठवणारे यंत्र त्याच निविदेत लिहा, आणि जबाबदार व्यक्ती म्हणून विभागप्रमुखांची सही घ्या. माझी मिळणार नाही.

निविदापीडित : आणि एसएफपी कोणते, ते आधी फायबर कोणते आहे हे पाहून लिहा.