'अवशेषांग' म्हणजे निरुपयोगी अवयव?

अमळनेरकर :
मुलीच्या दहावीच्या वहीत व्याख्या आहे : 'निरुपयोगी झालेला अवयव म्हणजे अवशेषांग.' उदाहरणं आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ. ती विचारते, 'शेष' म्हणजे उरलेलं, मग 'निरुपयोगी' कुठून आलं? मला नीट सांगता आलं नाही.

तापीकाठचा :
मुलीचं बरोबर आहे, दादा. भागाकारात बाकी उरते तोच हा शेष. लळिंगच्या किल्ल्याचे अवशेष म्हणतो, पण पाऊस आला की गुराखी त्याच भिंतीच्या आडोशाला थांबतो. भिंत किल्ल्याच्या कामाची राहिली नाही, एवढंच.

माकडहाड हे शेपटीचं बूड, तीन ते पाच मणक्यांचं. शेपूट गेली, तरी ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू त्यालाच जोडलेले असतात. डार्विनने १८५९ मध्येच लिहिलं होतं की मूळ कामापुरता खुंटलेला अवयव दुसऱ्या कामी येऊ शकतो.

गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका घोडीच्या पुढच्या पायावर, गुडघ्याखालच्या नळीच्या मागच्या कडेने, बोट फिरवून पाहिलं. दोन्ही बाजूंना एकेक बारीक हाड लागलं. खाली निमुळतं होत जाऊन ते छोट्याशा गाठीत संपतं, खुरापर्यंत पोचतच नाही. 'हाई काय शे?' विचारलं, तर मालक म्हणाला, सगळ्याच घोड्यांना असतं. खरंच असतं. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटावर उभा असतो. त्याच्या शेजारची बोटं गेली, त्यांची तळहातातली हाडं मागे राहिली. (आपण ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट.) ही हाडं वरच्या टोकाला मनगटाचा थोडा भार आजही पेलतात, म्हणजे बिनकामाची नाहीत. उत्क्रांतीचा पुरावा आहे तो त्यांच्या जागेत : आपल्या तळहातात तर्जनीची आणि अनामिकेची हाडं जिथे, तिथेच ती. जुन्या घोड्यांच्या जीवाश्मांत त्याच जागी खरी बोटं सापडतात.

अवशेषांगासाठीच्या 'व्हेस्टिजियल' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'पावलाचा ठसा' आहे. आपला 'माग' अर्थाने त्याच्या फार जवळचा.

अमळनेरकर :
घोड्याचं आजच सांगतो तिला. पण वहीत काय लिहू देऊ?

तापीकाठचा :
'पूर्वजांत पुरता वाढलेला, पण मूळ काम सुटल्याने खुजा होऊन उरलेला अवयव.' परीक्षेत 'निरुपयोगी'च हवं असेल, तर 'मूळ कामासाठी' हे दोन शब्द त्याच्या आधी घालायला सांगा.