स्मॉल प्रायमरचं ब्रास खरंच जास्त टिकतं का? ६.५ क्रीडमूरबद्दल विचारायचंय

धरमपेठचा_पोट्टा:
नमस्कार मंडळी. मी धरमपेठचा, नोकरीमुळे मिनेसोटात असतो, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून महिनाभर नागपूरला आलोय. तिकडे शनिवारी रेंजवर जातो, ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल आहे आणि उडवलेल्या पुंगळ्या घरीच परत भरतो. तर माझ्या ब्रासचे, म्हणजे पितळी पुंगळ्यांचे, प्रायमर पॉकेट (बुडातलं भोक, त्यात पावडर पेटवणारा प्रायमर बसतो) ढिले होऊन राहिले. एकाच लॉटच्या १०० पुंगळ्या, सहाव्यांदा भरताना प्रायमर अगदी हलक्या दाबानं आत जायला लागले आणि दोन तर भरून ठेवल्यावर डब्यात सुटून पडलेले दिसले, तेव्हा मी सगळंच बाजूला ठेवलं. नेक, म्हणजे गोळी धरणारी मान, एकाचीही फाटली नाही, बाकी केस (पुंगळी) नव्यासारखी आहे म्हणून जास्त जीवावर येतं.
हे लार्ज रायफल प्रायमरचं ब्रास आहे. तिकडचे दोस्त म्हणतात लापुआ कंपनीचं स्मॉल प्रायमरवालं घे, खूप टिकतं. पण महाग आहे ना ते. प्रायमर थोडा लहान झाल्यानं एवढा फरक काहून पडावा? आणि जानेवारीत तिकडे उणे २० पर्यंत जातं, एवढासा प्रायमर पावडर पेटवेल का?

हिंगणा_लेथवाला:
भाऊ, मी रायफल कधी हातात धरली नाही पण पितळ रोज कापतो, म्हणून तुमच्या काडतुसाचं ड्रॉइंग काढून पाहिलं. बुडाजवळ जी खाच आहे, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) पकडतो ती, तिथला व्यास साधारण १०.४ मिमी. लार्ज प्रायमरचं भोक ०.२१० इंच म्हणजे ५.३ मिमी, स्मॉलचं ०.१७५ म्हणजे ४.४. मग भिंत किती उरली पाहा, लार्जला अडीच मिमी आणि स्मॉलला तीन. अर्धा मिमी ऐकायला काहीच वाटत नाही पण हायड्रॉलिक सिलिंडरच्या भिंतीत अर्धा मिमी कमी करून पाहा, मग कळतं. वरून लार्जच्या भोकाचं क्षेत्रफळ स्मॉलच्या जवळपास दीडपट. म्हणजे दाब झेलायला जागा जास्त आणि धरून ठेवायला धातू कमी.
पितळ एका मर्यादेपर्यंत ताणलं की परत जाग्यावर येतं, त्यापुढे गेलं की येत नाही. तुमचं पॉकेट दर बारीला केसभर उघडं राहून गेलं असणार, सहा बारीत ते हाताला जाणवलं.

सक्करदऱ्याची_लेक:
मी टेक्सासला असते, दोन्ही प्रकारचं ब्रास वापरलंय. लेथवाले काका बरोबर सांगून राहिले. पॉकेटपुरतं बोलायचं तर स्मॉल नक्की जास्त टिकतं, माझं तरी बरंच पुढे गेलं. पण दादा, फक्त पॉकेटपुरतंच. नेक फाटते ती दर वेळी दाबून-फुगवून पितळ कडक झाल्यानं, त्याला ॲनीलिंग, म्हणजे तापवून नरम करणं, लागतं, आणि तेही फक्त नेक-खांद्याला, बुड कधीच तापवायचं नाही, ते कडकच पाहिजे. आणि साइझिंग, म्हणजे पुंगळी साच्यात दाबून परत मापात आणणं, ते करताना खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला तर केस बुडाच्या जरा वर आतून पातळ होत जाते आणि एक दिवस तिथूनच तुटते. या दोन्हीत प्रायमरची साइज काहीच करत नाही.
थंडीचं म्हणाल तर तुमची शंका रास्त आहे. स्मॉलमध्ये मसाला कमी, आणि लापुआच्या त्या ब्रासचं फ्लॅश होलही (प्रायमरची ज्वाला पावडरकडे जाते ते भोक) १.५ मिमीचंच आहे, नेहमीचं २ मिमी असतं. बॉल पावडर (गोल दाण्यांची) असेल तर कडाक्याच्या थंडीत उशिरा पेटणं किंवा वेग वरखाली होणं होऊ शकतं. बरेच जण म्हणून स्मॉल मॅग्नम, म्हणजे जास्त जोरकस, प्रायमर घेतात, त्याचा कपही (बाहेरची वाटी) सहसा जाड असतो. तुमच्या बोल्टमधलं (काडतूस मागून बंद करणारा भाग) फायरिंग पिनचं, म्हणजे प्रायमरवर आपटणाऱ्या सुईचं, भोक सैल असेल तर पातळ कपाला छेद जातो, ते आधी गनस्मिथला दाखवा. आणि डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) बारीक घ्या, नाहीतर जुनी जाड पिन त्या भोकात अडकून वाकते, माझ्या दोन गेल्या.
आता खरं बोलते, राग मानू नका. चांगलं ब्रास सहा बारीत ढिलं होतं तेव्हा बहुतेक भरण गरम, म्हणजे दाब जास्त देणारं, असतं. या काडतुसाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दाबाचं माप) आहे, ब्रास बदललं म्हणून ती वाढत नाही, बोल्टचे लग (अडकवून धरणारे दात) तेच, बॅरल तीच. लार्जवालं पॉकेट ढिलं होऊन सांगतं तरी की जास्त होऊन राहिलं, स्मॉलवालं ते सांगणार नाही.

अंबाझरी_२२:
मी इथे क्लबात .२२ मारतो. आमच्यात हा विषयच येत नाही, रिमफायरला प्रायमर पॉकेटच नसतं, मसाला रिममध्ये (बुडाच्या कडेत), एकदा उडवली की पुंगळी भंगारात. वाचणाऱ्या पोट्ट्यांसाठी एवढंच लिहितो, इथे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, हे सगळं तिकडचं आहे, घरी प्रयोग नको.

धरमपेठचा_पोट्टा:
ताई, राग कसला. तुमचं वाचून भावाला तिकडे फोन केला आणि माझी वही काढायला लावली. भरण मॅन्युअलच्या अगदी वरच्या टोकाला आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मी डबा उन्हात बेंचवर उघडा ठेवून मारत होतो, म्हणजे दाब अजून वर गेला असणार. हे मला सुचलंच नव्हतं.
त्या १०० पुंगळ्या आता बाद, पक्कडीनं चेपून टाकतो म्हणजे चुकून परत भरल्या जाणार नाहीत. स्मॉलच्या ५० घेतो, बारीक पिन घेतो, बोल्ट दाखवतो आणि भरण पुन्हा मॅन्युअलच्या खालच्या आकड्यापासून सुरू करतो. काका, ते भिंतीचं गणित वहीत लिहून ठेवलंय. एकच राहिलं, फायरिंग पिनचं भोक बुशिंग (छोटी नळी) टाकून बारीक करतात म्हणे, ते कोणी करून घेतलं असेल तर सांगजा.