क्वेचुआ आणि नेपाळी: डोंगर सारखे म्हणून भाषाही सारख्या?

इंद्रायणी
परवा इथे एक लेख आला होता, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतली क्वेचुआ आणि आपल्या हिमालयातली नेपाळी या ‘डोंगराने घडवलेल्या जुळ्या बहिणी’ म्हणून. पुरावे तीन: दोन्हींत क्रियापद शेवटी, दोन्हींत ऐकीव गोष्ट वेगळी सांगायची सोय, आणि दोन्ही दबलेल्या. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. मी दोन वर्षं पेरूतल्या कुस्को शहरात राहिले आहे, तिथे क्वेचुआ बोलतात.

क्रियापद मालवणच्या किनाऱ्यावरही शेवटीच येतं. तिथे कुठला हिमालय?

क्वेचुआत ‘पाराशान’ म्हणजे पाऊस पडतोय. पण नुसतं तेवढं म्हणून सहसा भागत नाही. ‘पाराशान्मी’ म्हणजे मी खात्रीने सांगते, ‘पाराशान्सी’ म्हणजे कोणीतरी सांगितलं, ‘पाराशान्चा’ म्हणजे माझा अंदाज. नेपाळीतलं ‘पानी परेछ’ वेगळं: दार उघडलं, अंगण ओलं दिसलं, आत्ता कळलं. आश्चर्य आणि ऐकीव माहिती यांची गल्लत कशी चालेल?

उच्चारांचं म्हणाल तर पाववाल्या बाईकडे मी सहा महिने ‘थांता’ मागत होते. आपला सवयीचा थ. एक दिवस तिने माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि ‘त’ गळ्यातून झटका देऊन म्हणून दाखवला. तो पाव. ‘थांता’ म्हणजे जुनंपुराणं, झिजलेलं. साधा ‘तांता’ म्हणजे जमाव. तो झटक्याचा त लिहायला देवनागरीत अक्षरच नाही, नेपाळीत तो कुठून येणार?

सगळ्यात राग आला तो ‘दोन्ही दबलेल्या’ याचा. नेपाळी ही नेपाळातली दाबणारी भाषा आहे. गोरखा राजांच्या राज्याबरोबर पसरली, राजा महेंद्रच्या काळात ‘एउटै भाषा, एउटै भेष’ झालं. काठमांडू नगरपालिकेने नेवारीत, म्हणजे तिथल्या नेवार लोकांच्या भाषेत, कामकाज करायचं ठरवलं तर 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. पेरूत हे काम स्पॅनिशने केलं. माझी घरमालकीण बहिणीशी क्वेचुआत भांडायची आणि मुलगा खोलीत आला की दोघी स्पॅनिशवर यायच्या. “शाळेत चिडवतील त्याला,” एवढंच म्हणायची.

तीस्ताकाठ
ताई, दोन वर्षं कुस्कोत राहिलात, छान. माझं बालपण दार्जिलिंगजवळ गेलं, वडील चहामळ्यात नोकरीला होते. माझ्या वर्गातल्या नेपाळी मुलांना ‘दाबणारे’ म्हणून बघा. 2017 मध्ये बंगाली सक्तीची होणार म्हटल्यावर पहाड पेटला होता. भूतानने 1989 च्या सुमारास शाळांतून नेपाळी काढली, पुढे लाखभर माणसं निर्वासित छावण्यांत गेली. आपल्या आठव्या अनुसूचीत नेपाळी 1992 ला आली, कोकणीबरोबर. गोव्यातल्या माणसाला विचारा ती वाट किती लांब असते.

आणि तुमची क्वेचुआ तरी गरीब गाय होती का? स्पॅनिश यायच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांनी राज्यकारभाराला तीच वापरली, मग स्पॅनिश पाद्र्यांनी धर्मोपदेशाला. 1560 ला तिचं व्याकरण छापून झालं होतं. तिच्यापुढे पुकिना ही तिथलीच दुसरी भाषा संपली. तिचं काय?

आणि नेपाळीत ऐकीव गोष्टीला ‘रे’ आहे. ‘पानी पर्छ रे.’ ते विसरलात.

व्याकरणवेडा
‘रे’ म्हणजे आपलं ‘म्हणे’. पाऊस पडतोय म्हणे. मग मराठीही जुळी बहीण?

खरी गंमत सर्वनामांत आहे. क्वेचुआत ‘न्योकाय्कू’ म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून. ‘न्योकान्चिस’ म्हणजे आपण, तुम्ही धरून. नेपाळीत दोन्हींना एकच ‘हामी’. म्हणजे याबाबतीत क्वेचुआ नेपाळीपेक्षा मराठीच्या जवळ आहे! आणि हीच गोष्ट आपण घालवतोय. ऑफिसातली पोरं सर्रास म्हणतात, “चला, आम्ही जेवायला जाऊया.” अरे, मला नेताय की सोडून जाताय?

लालबागचा
पोरांच्या नावाने खडे फोडायचा धागा आहे का हा? भाषा बदलते. आमच्याकडे ‘आपण नाय घाबरत’ म्हणजे मी घाबरत नाही. गिरणगावात तीन पिढ्या असंच बोलतात. ती पण चूक?

व्याकरणवेडा
ती चूक कोण म्हणालं? ते मुंबईचं लेणं आहे. मी ‘आम्ही जाऊया’वर बोलतोय. उगाच अंगावर ओढून घेऊ नका.

सातपुडा
मी इंदूरची. आमच्या घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि त्या हिंदीतही ‘अपन चलते हैं’ आणि ‘हम चलते हैं’ यात फरक आहे. तो साधा नाही. माझ्या लग्नात पुण्याच्या एक नातेवाईक बाई सगळ्यांना म्हणाल्या, “आम्ही घरच्यांचा फोटो काढतोय.” मी हातातलं ताट घेऊन बाजूला उभी राहिले. नवऱ्याने ओढून आत घेतलं, पण आज अठरा वर्षांनी त्या फोटोत मी कडेला आहे आणि ताट हातात आहे. त्यांच्या मनात काही नसेलही. ‘आपण’ म्हणाल्या असत्या तर मी मध्ये असते.

लालबागचा
ताई, हे वाचून गप्प झालो. पोरांची बाजू सोडत नाही, पण ‘आम्ही’ असं लागू शकतं हे पटलं.

तीस्ताकाठ
मूळ मुद्दा वाहून गेला, पण यातूनच एक सांगतो. माझा शाळेतला मित्र लिंबू जमातीचा होता. त्याच्या भाषेत आम्ही-आपण वेगळे आहेत, बांतवासारख्या पूर्व नेपाळातल्या इतर किराती भाषांतही. मित्राच्या आजीला नेपाळी कळायची, पण बोलायची लिंबूच. घरात नातवंडं तिला नेपाळीतच उत्तर द्यायची.

इंद्रायणी
मग तेच तर सांगतेय मी! क्वेचुआशेजारी ठेवायची तर लिंबू ठेवा, नेवारी ठेवा. तुमच्या मित्राची आजी आणि माझी घरमालकीण एकाच जागी आहेत.

भूतानचं मात्र मी धरायला हवं होतं. नेपाळी नेपाळच्या हद्दीत दाबणारी, हद्दीबाहेर दबलेली, असं म्हणते. इंकांचंही खरं. पण ते राज्य बुडून पाचशे वर्षं होत आली. पेरूत 1975 ला क्वेचुआ अधिकृत भाषा झाली, 2017 च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सुमारे 38 लाख निघाले, आणि तरी ती बाई मुलगा आला की भाषा बदलायची.

तीस्ताकाठ
नेपाळात नेवारी, मैथिली, लिंबूवर अन्याय झाला, मान्य. ‘दाबणारी भाषा’ हा शब्द मान्य नाही. दाबतं सरकार. माझ्या वर्गातली पोरं नव्हेत.

इंद्रायणी
बरं, ‘सरकारने दाबायला वापरलेली’ म्हणते. जुळ्या बहिणी मात्र म्हणणार नाही.