कोचिंग लावलं म्हणजे खेळ झाला का?

कोणीतरी लिहिलंय की पोराला आठवड्यातून तीनदा फुटबॉलचं कोचिंग लावलंय, तेवढा खेळ पुरे. कोचिंग वाईट नाहीच, पण तिथे शिट्टी सरांची, टीम सरांनी पाडलेली, भांडण झालं तरी सरच मिटवणार, मग पोराने ठरवायचं काय? आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत पोरं स्टिल्ट पार्किंगमध्ये लगोरी खेळतात, कोणाच्या तरी बाथरूममधून निघालेल्या फुटक्या टाइल्स रचून, आणि खेळापेक्षा जास्त वेळ बॉल गाडीला लागून उडाला तर आउट की नाही यावरच जातो. परवा सिनिअर केजीतल्या एकाला कच्चा लिंबू म्हणून घेतलं, टाइल्स रचायचं काम दिलं, तर दोनदा ढासळल्यावर तो स्वतःच मोठी खाली, लहान वर असं लावायला लागला, कोणी सांगितलं नव्हतं.

आणि खेळातून शिक्षण हे परदेशी फॅड आहे म्हणणाऱ्यांशी तर अजिबात सहमत नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात हेच काम सुरू केलं, तेव्हा बोर्डी आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. माँटेसरी पद्धतीची (साधनं हाताळत शिकायची) महागडी साधनं गावात कुठून आणणार, म्हणून शंख-शिंपले, पानं, बिया, खडे घेऊन मुलांना मोजायला, जुळवायला लावलं, आणि आदिवासी मुलं शाळेत येईनात तर बालवाडीच पाड्यावर त्यांच्या अंगणात नेली.