चिनी भाषेतले टोन कानाला ओळखूच येईनात, काय करू?

कुपवाडचा पोरगा:
मंडळी, मी कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, आमच्याकडं चिनी मशिनी आहेत म्हणून पाच महिने झाले ॲपवर मँडरिन, म्हणजे चिनी भाषा शिकतोय. तिच्यात चार टोन, म्हणजे शब्द म्हणायचे चार सूर, सूर बदलला की अर्थ बदलतो. बोलायला थोडंफार जमतं पण कान साथ देईना. 'माय' म्हणजे विकत घेणं आणि 'माय' म्हणजेच विकणं, एकाला तिसरा टोन एकाला चौथा, एवढाच फरक. चौथा सुटा ऐकला की कळतो, दुसरा-तिसरा मात्र पार सारखेच वाटतात आणि वाक्यात आले की सगळंच गेलं. आपल्या कानाला हे जमंल का?

मिरजेची जवारी:
जमतंय की भावा. माझं घरच तंबोऱ्याच्या कामातलं, तरी मी सुरुवातीला ठरलेला सूर शोधत बसायचो आणि फसायचो. टोन बोलणाऱ्याच्या पट्टीवर असतो, बाईचा खालचा सूर बाप्याच्या वरच्या सुराएवढा असू शकतो, म्हणून आधी दोन वाक्यं नुसती ऐकून त्या माणसाची पट्टी धर. पहिला टोन वर धरून ठेवलेला, दुसरा खालून वर जाणारी मींड, चौथा वरनं झटक्यात खाली. तिसऱ्याचं चित्र पुस्तकात खाली जाऊन परत वर येणारं काढतात, खरा घोळ तिथंच आहे, कारण बोलताना पुढं दुसरा शब्द आला की तो वर येतच नाही, तळाशीच बसतो आणि बऱ्याचदा आवाज घरघरतो. 'लाओशी' म्हणजे शिक्षक, त्यातला 'लाओ' नीट ऐक.

विश्रामबागची ताई:
अगदी बरोबर. त्यात दोन तिसरे शेजारी आले की पहिला बदलून दुसऱ्यासारखाच होतो, 'नी हाओ' म्हणजे नमस्कार, ते तसंच आहे, त्यामुळं तिथं तुला दुसरा ऐकू आला तर तुझा कान बरोबरच आहे. सुटे टोन सोड, जोड्या ऐक. चार टोनच्या १६ जोड्या, त्यात ३-३ आणि २-३ ऐकायला एकच, म्हणजे १५ राहिल्या. रोज दोनच घे, पण चार-पाच वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात, एकाच आवाजावर राहिलास की फक्त तो आवाज पाठ होतो. आणि 'प्रात' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सुराची रेघ दिसते, आधी कानानं ठरव मग रेघ बघ.

कुपवाडचा पोरगा:
ताई, रात्री बसलो. आपली हळद घेतली, 'जिआंगह्वांग', 'जिआंग' वर सपाट आणि 'ह्वांग' चढता, तिन्ही आवाजांत आला! स्लो करून ऐकलं तर चालेल का?

मिरजेची जवारी:
स्लो नको. चौथ्याची ओळखच झटक्यात आहे, ती जाते.