मदत हवी आहे: परळच्या गाळ्यात कॉफी आणि लाइव्ह संगीत, वर जाणारा आवाज अडवायचा कसा?

नमस्कार मंडळी. परळला जुन्या इमारतीत तळमजल्याचा गाळा घेतलाय. दिवसा कॉफी, संध्याकाळी छोट्या मैफली, कधी गझल तर कधी गिटारवाली पोरं. वर लोक राहतात, खरी अडचण तीच.

निवासी भागात रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबल, म्हणून कार्यक्रम साडेनऊलाच आटोपणार. पण त्याआधीही डग्गा आणि बास गिटार स्लॅबमधून थेट वरच्या काकूंच्या देवघरात! कंत्राटदार म्हणतो, भिंतींना फोम मारू. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. शिवाय साधा फोम भसकन पेटतो. २०१७ ची कमला मिलची आग विसरलेलो नाही, त्यामुळे फोम बाद.

माझ्या डोक्यात आहे ते असं: रबरी हँगरवर लटकवलेलं जिप्सम बोर्डाचं दुहेरी छत, वरच्या पोकळीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंचा, आवाज शोषणारा थर). उंची ११ फूट, त्यातली फूटभर जाईल. एवढ्याने खर्जातला आवाज अडतो का? की भिंतीही स्लॅबपासून सुट्या घ्याव्या लागतील? कुणी प्रत्यक्ष केलंय?

दुसरं, ग्राइंडर. ऐन आलापात तो घरघरला तर गायक उठूनच जाईल. काउंटर काचेआड घ्यावा, की मैफलीपुरती आधी दळलेली पूड चालवावी? (कॉफीवाले मित्र मारतील, माहीत आहे.)

साउंडची वायरिंग कॉफी मशीनपासून वेगळी करतोय. परवाने एजंट बघतोय. छताचं तेवढं सांगा, पुढच्या आठवड्यात काम सुरू करायचंय.