अनुभव धागा: जीआरई-टोफेलचे स्कोअर मुदतीआधी विद्यापीठात कसे पोहोचवायचे?

अमेरिकेत एमएससाठी अर्ज करणाऱ्यांची दर डिसेंबरात एकाच गोष्टीवरून झोप उडते. अर्ज गेला, फी भरली, तरी विद्यापीठाच्या पोर्टलवर जीआरईपुढे 'प्राप्त नाही' असंच दिसत राहतं. (जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, टोफेल इंग्रजीची.) ज्यांनी हे काम निभावलंय किंवा इतरांना करून दिलंय, त्यांनी इथे नेमकं लिहा: कोड, दिवस, पैसे आणि कुठे अडतं ते. धीर देणारे प्रतिसाद नकोत, पायऱ्या हव्यात.

*

दिवस उलटे मोजा. जीआरईचा अधिकृत स्कोअर 8 ते 10 दिवसांत ईटीएसच्या (जीआरई-टोफेल घेणारी संस्था) खात्यात येतो. फुकटच्या चार रिपोर्टांपलीकडे (रिपोर्ट म्हणजे ईटीएसने थेट विद्यापीठाला पाठवलेला स्कोअर) जादा रिपोर्ट मागवला तर तो निघायला साधारण 5 कामाचे दिवस. विद्यापीठात पोचल्यावर तुमच्या अर्जाला जोडला जायला आणखी एक-दोन आठवडे धरा. मध्ये थँक्सगिव्हिंग येतं, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, आणि तो आठवडा जवळजवळ वायाच जातो. म्हणजे 15 डिसेंबरची मुदत असेल तर परीक्षा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापलीकडे नेऊच नये.

विभागाच्या पानावरचं वाक्य मात्र शब्दशः वाचा. काही ठिकाणी परीक्षा त्या तारखेआधी दिलेली चालते, काही ठिकाणी स्कोअर त्या तारखेआधी पोचलेलाच लागतो. बरेच विभाग आधी तुम्ही स्वतः भरलेले आकडे पाहतात आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात. तसं असेल तर घाईने पैसे घालवू नका.

*

चार फुकट रिपोर्टांबद्दल. जीआरईमध्ये परीक्षा संपल्यावर स्क्रीनवर अनधिकृत स्कोअर दिसतो आणि लगेच चार विद्यापीठं निवडायला सांगतात. तिथून न निवडता उठलात की ते चार गेले, मग प्रत्येकाचे पैसे. हॉलमध्ये फोन नाही, चिठ्ठी नाही. यादी देश, मग राज्य, मग विद्यापीठ अशी उघडते. म्हणून आदल्या रात्री चार नावं त्यांच्या राज्यांसकट पाठ करा. मियामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे, फ्लोरिडात नाही (तिथली ती युनिव्हर्सिटी ऑफ मियामी). नॉर्थवेस्टर्न इलिनॉयमध्ये, नॉर्थईस्टर्न मॅसॅच्युसेट्समध्ये. दोन तासांच्या परीक्षेनंतर डोकं शिणलेलं असतं आणि नेमकी इथेच गल्लत होते.

टोफेलमध्ये उलटं आहे. तिथे फुकटची चार नावं परीक्षेच्या आदल्या रात्री 10 पर्यंत खात्यात भरायची असतात, स्कोअर बघून ठरवण्याची सोय नाही.

*

कोडबद्दल थोडं. रिपोर्ट कुठल्या विद्यापीठाला जायचा ते ईटीएसच्या कोडवरून ठरतं. कोड चार आकडी असतो. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन 1836, इलिनॉय शिकागो 1851. टेक्सास ऑस्टिन 6882, टेक्सास डॅलस 6897. नुसतं 'इलिनॉय' किंवा 'टेक्सास' बघून टिचकी मारली तर रिपोर्ट भलत्याच कॅम्पसला जातो, आणि एकदा मागवलेला रिपोर्ट रद्द होत नाही. कोड विद्यापीठाच्या पानावरून उतरवा, मित्राच्या एक्सेल शीटवरून नको. विभागाचा कोड सापडत नसेल तर बहुतेक ठिकाणी संस्थेचा कोड पुरतो.

*

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ नावाचा, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. 'पाठवला', 'पोचला' आणि 'जोडला गेला' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठाची प्रणाली नाव, जन्मतारीख आणि ईमेल जुळवून रिपोर्ट अर्जाला जोडते. जुळलं नाही तर रिपोर्ट त्यांच्याकडे पडून राहतो आणि पोर्टल 'प्राप्त नाही' म्हणत राहतं.

आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नाव व वडिलांचं नाव एकत्र. समजा मार्कशीटवर 'देशमुख स्नेहा विलास' आहे आणि तोच क्रम अर्जात उतरवला, तर देशमुख हे पहिलं नाव आणि विलास हे आडनाव होऊन बसतं. ईटीएसकडे मात्र पासपोर्टप्रमाणे आडनाव देशमुख. जुळणार कसं? ईटीएस खातं आणि प्रत्येक अर्ज, सगळीकडे पासपोर्टच समोर ठेवून भरा. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललं असेल तर परीक्षेची नोंदणी करण्याआधीच ठरवा कुठलं नाव चालवायचं.

जन्मतारखेचंही तेच. अमेरिकन पद्धतीत महिना आधी, म्हणून 4 जुलै तिथे 07/04. आपल्या सवयीने 04/07 लिहिलं की ती 7 एप्रिल होते. आणि ईमेल एकच ठेवा, कॉलेजचा नको, तो पदवीनंतर बंद होतो.

*

पैसे भरताना: 16 मार्च 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो चालू करा आणि मर्यादा वाढवा, शेवटच्या रात्री नाही, आठवडाभर आधी. बँक परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी लावते, तेही हिशेबात धरा.

*

टोफेलऐवजी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी: पाच संस्थांना स्कोअर फुकट पाठवता येतो. बऱ्याच विद्यापीठांना टीआरएफ (आयईएलटीएसची गुणपत्रिका) क्रमांक पुरतो, ते स्वतः पडताळून घेतात. आयईएलटीएस आणि टोफेल 2 वर्षं ग्राह्य, जीआरई 5 वर्षं. नोकरी करून अर्ज करणाऱ्यांनी ही तारीख आधी तपासा. मुदत उलटली असेल तर रिपोर्ट मागवताच येत नाही.

*

'11:59'ची मुदत कुठल्या घड्याळाची तेही बघा. डिसेंबरमध्ये पूर्व किनाऱ्याची 11:59 म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी सकाळची 10:29, पश्चिम किनाऱ्याची म्हणजे दुपारची 1:29. तिथलं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातं, त्यामुळे ऑक्टोबरातल्या मुदतींना हाच हिशेब लावू नका, तिथे एक तास कमी मिळतो.

*

आणि तरीही जोडला गेला नाहीच, तर रिपोर्ट निघाल्यावर 10 कामाचे दिवस थांबून प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. विषयात अर्ज क्रमांक. मजकुरात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख (महिना अक्षरांत), परीक्षेची तारीख, जीआरईचा नोंदणी क्रमांक, रिपोर्ट मागवल्याची तारीख. सोबत खात्यातली स्कोअरची पीडीएफ. बहुतेक वेळा रिपोर्ट त्यांच्याकडे असतोच, फक्त हाताने शोधून जोडावा लागतो. ही माहिती पहिल्याच ईमेलमध्ये दिली तर दोन-तीन ईमेलांची ये-जा वाचते. दुसरा रिपोर्ट मागवायची घाई नको, तोही त्याच चुकीच्या नावाने त्याच ढिगात जाऊन पडेल.